डाव्या अंगठ्याची हजेरी

शिवकांता मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एका बाईच्या पाठीवर खडूनं रेघा ओढत होत्या. बाईला गुदगुल्या होत होत्या, ती हसत होती, आणि मॅडम तिला दटावत होत्या, "हलू नकोस गं! तुझ्या हसण्याचं माप घेऊन राहिले का मी?" ब्लाऊज पाठीत कुठं ढिला पडतो ते अंगावरच दाखवायचं, ही त्यांची पद्धत. फळ्यावरच्या आकृत्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. फळ्याला खांदे नसतात, असं म्हणायच्या.

नांदेडला पाण्याच्या टाकीमागं जी वस्ती आहे, तिथं एका संस्थेनं बायकांसाठी शिवणकामाचा वर्ग काढला होता. पत्र्याचं छप्पर, तीस मशिनी, तीस बायका, तीन महिन्यांचा कोर्स, शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र. मॅडम मूळच्या अहमदपूरच्या. नवरा तिकडं मोंढ्यात आडतीवर कामाला, आणि या इथं एका खोलीत एकट्या. शनिवारी वर्ग सुटला की एसटीनं घरी जायच्या, सोमवारी सकाळी परत.

मी दर गुरुवारी तासभर 'व्यक्तिमत्त्व विकास' शिकवायला जायची. मुलाखतीला कसं बसावं, वेळ कशी पाळावी, न घाबरता स्पष्ट कसं बोलावं. ज्या बायका पहाटे पाचला उठून नळावर नंबर लावतात त्यांना मी वेळेचं महत्त्व सांगत होते. माझं नाव जया, पण बायका मला 'बोलायच्या मॅडम' म्हणायच्या. त्यात थोडी चेष्टा होती आणि ती मला कळायची.

दोन वर्षांपूर्वी संस्थेनं दाराजवळ भिंतीवर हजेरीचं यंत्र बसवलं. आत येताना अंगठा, बाहेर जाताना अंगठा. अंगठा पटला की यंत्रातली बाई 'थँक यू' म्हणायची, नाही पटला की 'प्लीज ट्राय अगेन'. ऐंशी टक्के हजेरी नसेल तर परीक्षेला बसता येणार नाही, असा नियम आला.

सतरा नंबरच्या मशीनवर सिंधू बसायची. वय सव्वीस असेल. बारा वर्षांची होती तेव्हापासून मंगल कार्यालयात भांडी घासत आलेली. तिचे अंगठे साबणाच्या वडीसारखे गुळगुळीत झाले होते. नोंदणीच्या दिवशी तिनं दहाही बोटं लावून पाहिली. यंत्रातली बाई दहा वेळा 'प्लीज ट्राय अगेन' म्हणाली. संस्थेचा माणूस वैतागून म्हणाला, "जिचा अंगठा उमटत नाही तिला कमी करा. यादीत दुसऱ्या बाया आहेत." सिंधूनं हात पदराखाली घेतले आणि खाली बघत उभी राहिली.

तो माणूस चहाला बाहेर गेला. मॅडम उठल्या, यंत्रावर सतरा नंबर दाबला आणि स्वतःचा डावा अंगठा लावला. "थँक यू." त्या सिंधूकडं वळून म्हणाल्या, "उजवा माझा, डावा तुझा. आता रडू नकोस, बाही जोड."

सगळा वर्ग हसला. मीही हसले. पुढं कितीतरी दिवस आम्ही तो किस्सा एकमेकींना सांगत होतो. त्या पहिल्या दिवसात मला आजही काही वावगं वाटत नाही. त्या दिवशी मॅडमनी एका बाईला तिची जागा मिळवून दिली, बस्स.

सिंधूचा नवरा भागवत रिक्षा चालवायचा. बायको वर्गाला जाते हे त्याच्या डोळ्यात सलायचं. डोकं फिरलं की दाराला बाहेरून कडी घालून जायचा. एकदा ती आली नाही तेव्हा मॅडमनी दोन बायकांना तिच्या घरी पाठवलं. त्यांनी कडी काढून तिला वर्गात आणलं. दुसऱ्या दिवशी सिंधूला उजवा हात खांद्याच्या वर उचलता येत नव्हता.

"मॅडम, हात जोडते, मी आले न्हाई तर कुणाला धाडू नका," ती म्हणाली. "त्यो लई मारतो मग. तेवढी हजेरी मात्र जाऊ देऊ नका. कागद हातात आला की मी जातेच माहूरला आईकडं. गडाच्या वाटंवर बांगड्यावाल्या पन्नास हायत, ब्लाऊज शिवून देणारी एक बी न्हाई."

पोलिसात जा, असं मॅडमनी तिला तीनदा सांगितलं होतं. मी तर सांगितलंही नाही. मी तिला मुलाखतीला बसायची पद्धत शिकवली. सिंधूनं मात्र सगळं त्या कागदावर लावलं होतं. कागद मिळाला की सुटका, एवढंच तिचं गणित. मग मॅडम तिच्या नसण्याच्या दिवशीही डावा अंगठा लावू लागल्या. बाराला आत, चारला बाहेर. फेब्रुवारीपर्यंत असे अकरा दिवस झाले.

बारावा दिवस गुरुवार होता. त्या दिवशी मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत वर्गात होते. मॅडमनी उजवा अंगठा लावला, दारातून गल्लीकडं एक नजर टाकली, आणि डावा लावला. सतरा नंबरची खुर्ची रिकामी होती. मशीनवर सिंधूचा अर्धा ब्लाऊज होता, सुई कापडात रुतलेली. शेजारच्या मशीनवरच्या बुद्धप्रियानं माझ्याकडं पाहिलं. ती वर्गातली सगळ्यात हुशार पोरगी, गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात तिची नोकरी जवळजवळ ठरली होती, फक्त प्रमाणपत्राची वाट होती. मी तिच्याकडं पाहून मान हलवली, म्हणजे काय करणार, घरी असेल, अशी. आणि फळ्यावर लिहिलं, 'मोकळेपणानं बोला.' चार वाजता मॅडमनी पुन्हा डावा अंगठा लावला.

साडेपाचला वस्तीतून आरडाओरडा ऐकू आला. सिंधू गच्चीच्या जिन्याखाली पडलेली सापडली होती. जीव गेलेला होता.

भागवत छाती पिटून रडला. म्हणाला, मी साडेतीनपासून स्टेशनच्या स्टँडवर होतो, चार माणसांनी मला पाहिलंय. ती चारला वर्गातून आली असंल, वाळत घातलेले कपडे काढायला गच्चीवर गेली असंल, पाय सरकला असंल. डॉक्टरांनी लिहिलं, मृत्यू दुपारी एक ते पाचच्या दरम्यान. तिची आई केवळाबाई माहूरहून आली आणि पोलिसांना सांगत राहिली, "अकराला लेकीचा फोन आला व्हता. म्हणाली, मारलंय अन् कोंडून ठेवलंय. त्यो घरातच हाय." लेकीला माती देऊन म्हातारी परत गेली. तिचं बोलणं कुणी लिहून घेतलं की नाही, माहीत नाही.

शुक्रवारी वर्ग बंद होता. शनिवारी भरला, मीही गेले. बायका हळूहळू येऊन बसल्या, मशीन मात्र कुणी चालवेना. मॅडम सगळ्यात शेवटी आल्या. डोळे सुजलेले होते. दारात थांबल्या, उजवा अंगठा लावला, पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि सवयीनं डावाही लावला.

"थँक यू."

एकोणतीस बायकांनी ते ऐकलं. मॅडम अंगठ्याकडं बघत तिथंच उभ्या राहिल्या. गुरुवारी मेलेली बाई शनिवारी बारा वाजून सहा मिनिटांनी वर्गात आली होती. त्या दिवशी चार वाजता मॅडमनी डावा अंगठा लावला नाही. त्या अहमदपूरलाही गेल्या नाहीत, आणि पुढच्या शनिवारीही नाहीत.

सोमवारी पोलीस ठाण्यातला जमादार आला. मी मुद्दाम गेले होते. तो भला माणूस होता, चपला बाहेर काढून आत आला. त्याला फक्त गुरुवारचं पान हवं होतं. यंत्राला जोडलेल्या संगणकानं ते काढून दिलं. नंबर सतरा, आत बारा चार, बाहेर चार दोन. त्यानं कागदाची घडी घातली. "म्हातारीला कोण समजावणार? फोन अकराचा हाय, बारा ते चार पोरगी वर्गात हाय, नवरा साडेतीनपासून स्टँडवर. मंग नवरा कसा काय मारंल?" मॅडमकडं बघून म्हणाला, "तुमची मशीन बेस हाय, मॅडम. आमचं काम हलकं केलं."

मॅडमच्या ओठांची हालचाल मला दिसली. आवाज आला नाही. माझ्याही तोंडून आला नाही. बायका माना खाली घालून बसल्या होत्या, आणि कागद हातात आल्यावर जमादाराला माणसांना विचारायची गरज राहिली नव्हती. मी त्या बायकांना दोन महिने स्पष्ट बोलायला शिकवत होते. मला माझीच लाज वाटली, आणि लाज वाटूनही मी घरी जाऊन जेवले.

त्यानंतरचे आठ दिवस आठवले की अजून अंगावर काटा येतो. सतरा नंबरच्या मशीनमधली सुई कुणी वर केली नाही. झाडणारी बाईसुद्धा त्या खुर्चीखाली झाडू घालेना. कुणी म्हणे पायडल आपोआप हलतं. मी असल्या गोष्टींवर चिडते. मी सगळ्यांसमोर जाऊन पायडल हलवून दाखवलं, म्हणजे ते ढिलं आहे हे कळावं. पण सुईला हात लावायचं धाडस मलाही झालं नाही.

गुरुवारी भर दुपारी, सगळ्याजणी आपापल्या जागेवर बसलेल्या असताना, यंत्र बोललं. "थँक यू." दाराजवळ कुणी नव्हतं. सगळ्या मशिनी एकदम थांबल्या. एकीनं पोटाशी धरलेलं कापड खाली टाकलं. मी मोठ्यानं म्हणाले, "पाल होती गं, काचेवरून गेली. मी पाहिली." बायकांनी श्वास सोडला. पाल मी पाहिली नव्हती.

मॅडमनी डाव्या अंगठ्याला चिंधी बांधली होती. कात्री लागली म्हणाल्या. पण शिवताना कापड डाव्या अंगठ्यानंच सुईकडं सरकवायचं असतं, आणि ज्या बाईची टीप दोरी लावल्यासारखी सरळ पडायची तिची टीप वाकडी जाऊ लागली. एकदा चिंधी सुटली. अंगठ्यावर साधा ओरखडाही नव्हता. माझ्याकडं बघून त्या म्हणाल्या, "जया मॅडम, शनिवारी मी तिला आत घेतलंय. बाहेर सोडलंच न्हाई. रोज कुलूप लावताना वाटतं, मी तिला कोंडून चालले."

"सांगून टाका," मी म्हणाले. खरं तर मीही सांगू शकत होते. मी त्या दिवशी तिथं होते.

"सांगितलं तर खोटी हजेरी म्हणून सगळी बॅच जाईल. एकोणतीस बाया हायत."

बुद्धप्रिया मागं उभी होती. ती पुढं आली. "मॅडम, परीक्षा होऊ द्या. चारच दिवस राहिलेत. माझ्या घरात पगार आणणारं कुणी न्हाई. मग तुम्ही काय बी सांगा." मॅडमनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मला त्या पोरीचा राग आला, आणि तो राग खरा माझ्यावरचा होता.

परीक्षेला बाहेरून परीक्षक बाई आल्या. हजेरी ऐंशी टक्क्यांच्या वर होती म्हणून सिंधूचंही प्रवेशपत्र आलं होतं, फोटोसकट. फोटोत तिनं केस चापून बसवले होते. परीक्षक बाई एकेक नंबर पुकारू लागल्या. पंधरा, हजर. सोळा, हजर.

"सतरा?"

दोघीतिघींनी रिकाम्या खुर्चीकडं पाहिलं.

"नंबर सतरा? सिंधू?" त्यांनी चष्म्यावरून वर्गाकडं पाहिलं, लाल पेन काढलं आणि लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणाल्या, "गैरहजर."

तीन महिन्यांत सिंधू गैरहजर आहे असं पहिल्यांदाच कुणीतरी म्हटलं होतं. मॅडमनी भिंतीला हात टेकला. परीक्षा सुरू झाली, बायका कापड बेतू लागल्या, आणि मॅडम चपला घालून बाहेर पडल्या. मी मागं धावले. गल्लीत त्या इतक्या भरभर चालत होत्या की मला गाठता येईना.

पोलीस ठाण्यात जमादारानं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "मॅडम, म्हातारीची दया येऊन राहिली तुम्हाला. कागद काय खोटं बोलतो का?"

"शनिवारचं पान काढा," मॅडम म्हणाल्या. "गुरुवारी मेली ना ती? शनिवारी बाराला ती वर्गात हाय. अजून बाहेर गेलेली न्हाई. कागद खोटं बोलत नसंल तर जाऊन तिला घेऊन या."

 जमादारानं कोरा कागद पुढं ओढला. मॅडमच्या जबाबाखाली मी माझाही दिला. संध्याकाळी बुद्धप्रिया आली, शिवणाची पेटी अजून हातातच होती. "मी सोळा नंबरवर बसते. ती त्या दिवशी आली न्हवती," एवढं तिनं सांगितलं आणि मॅडमकडं न बघता निघून गेली.

मग तपास फिरला. भागवतच्या घरातून भांडणाचा आवाज दोन-अडीचला ऐकल्याचं शेजाऱ्यांना आठवलं. आधी कुणी विचारलं नव्हतं, म्हणून आठवलंही नव्हतं. भागवतला धरलं. खटला अजून चालू आहे. संस्थेनं वर्गाला कुलूप ठोकलं, मॅडमना काढलं, आणि बॅचचा निकाल रद्द झाला. बुद्धप्रियाची नोकरी दुसरीला गेली. काही बायकांनी दुसरीकडं पुन्हा नाव घातलं, बऱ्याचजणी परत भांडी घासायला लागल्या. रस्त्यात मॅडम दिसल्या की तोंड फिरवणाऱ्या होत्या, आणि त्यांचं चुकलं असं मला म्हणवत नाही.

महिन्याभरानं मॅडम म्हणाल्या, "माहूरला जाऊन येऊ. केवळाबाईला माझ्या तोंडून सांगायचंय." मी बरोबर गेले.

केवळाबाई गडाच्या पायऱ्यांशी ओटीचं सामान घेऊन बसली होती. नारळ, खण, हळद-कुंकू, हिरव्या बांगड्या. मॅडमचं नाव ऐकताच ती उठली आणि वाकून त्यांचे पाय धरायला लागली. मॅडम मागं सरल्या. "तुमच्यामुळं त्यो आत गेला, माय," केवळाबाई म्हणाली. "समदे मला येडी म्हणत व्हते. तुम्ही खरं बोललात." तिनं टोपलीतला चांगला नारळ निवडला, त्यावर खण ठेवला आणि मॅडमच्या पदरात ओटी भरली. पायऱ्या चढणाऱ्या बायका आमच्याकडं बघत जात होत्या.

मॅडम पदर धरून तशाच उभ्या होत्या. म्हणाल्या, "मावशी, अजून एक हाय. ती त्या दिवशी आली न्हाई, हे मला बाराला माहीत होतं. तरी मी तिला हजर केलं, आणि शिकवत बसले."

केवळाबाईचा हात हळदीच्या पुडीवर थांबला. तिला ते समजायला वेळ लागला. मग ती हळूच म्हणाली, "अकराला ती फोनवर लई रडत व्हती. म्या म्हणलं, रडू नगं बाय. तू वर्गाला गेली न्हाईस की मॅडम बघाया येतील. मागं बी बाया येऊन कडी काढून गेल्या व्हत्या न्हवं?"

मी पुढं झाले. कुणाला पाठवू नका असं सिंधूनंच सांगितलं होतं, हे मला म्हणायचं होतं. मॅडमनी माझं मनगट इतकं घट्ट दाबलं की मी गप्प बसले.

"घर म्या पाहिलंय," केवळाबाई म्हणाली. "वर्ग न्हाई पाहिला. किती लांब हाय घरापासून?"

"चालत पाच मिनिटं," मॅडम म्हणाल्या.

"पाच मिनिटं," केवळाबाई म्हणाली.

तिनं मॅडमच्या पदरातून नारळ उचलला, मग खण उचलला, आणि दोन्ही परत टोपलीत ठेवले. समोर एक नवी नवरी आणि तिची सासू येऊन उभ्या राहिल्या होत्या. केवळाबाई खाली बसली आणि त्यांना ओटीचा भाव सांगू लागली.